रिकामी छान फिरते, प्रॉप लावला की तापते: घरी गुंडाळलेली ब्रशलेस मोटर नेमकी कुठे अडते?

लक्षण ठरलेलं असतं. मॉडेल विमानाची नवी गुंडाळलेली मोटर ईएससीला (वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरला) जोडली की रिकामी झकास फिरते, आवाजही एकसारखा येतो. प्रॉप म्हणजे पंखा चढवून थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की दोनपैकी एक होतं. अर्ध्या मिनिटात बेलला (चुंबक बसवलेल्या बाहेरच्या फिरत्या कवचाला) हात लावता येत नाही, नाहीतर मोटर मध्येच कर्कश ओरडून ठेचकाळते. मग आधी ईएससी बदलला जातो, नंतर प्रॉप लहान केला जातो, शेवटी टायमिंग (ईएससी करंट किती आधी देतो ते) खालीवर होतं. त्यात एखादा चांगला ईएससी जळतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

रिकामं फिरणं ही मोटरची परीक्षाच नव्हे. या मापाच्या मोटरला बिनभार फिरायला जेमतेम अर्धा अँपिअर लागतो. एवढ्या करंटला अर्धवट लागलेला सोल्डरही पुरतो आणि डेल्टा जोडणीत (तारेचे तीन गट म्हणजे फेज, टोकाला टोक जोडून त्रिकोणात) एक फेज पूर्ण तुटली असली तरी मोटर फिरत राहते. म्हणून प्रॉप हातात घेण्याआधी तीन आकडे मोजून वहीत लिहा: वाइंडिंगचा रोध, केव्ही, आणि बिनभार करंट. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. हे तीन आकडे एकमेकांशी आणि हिशेबाशी जुळले की प्रॉपच्या चाचणीत धक्का बसत नाही. जुळले नाहीत तर प्रॉप लावायचाच नाही.

उदाहरणाला एकच मोटर शेवटपर्यंत धरू: २२ मिमी व्यासाचा, १२ मिमी उंचीचा स्टेटर (आतला स्थिर लोखंडी गाभा), त्याला तार गुंडाळायचे १२ दात, १४ चुंबक, दर दाताला २६ गेज तारेचे १३ वेढे, डेल्टा जोडणी, केव्ही सुमारे १०००.

आधी हिशेब, मग मीटर

२६ एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) तार ०.४५७ मिमी जाडीची. तिचा रोध मीटरला साधारण ०.१०५ ओहम. या स्टेटरवर एक वेढा सरासरी ३६ मिमी लांबीचा होतो. एका फेजचे चार दात, प्रत्येकी १३ वेढे, म्हणजे १.८७ मीटर; बाहेर काढलेली टोकं धरून १.९५ मीटर. फेजचा रोध झाला ०.२०५ ओहम. डेल्टात दोन वायरींमध्ये याच्या दोन तृतीयांश म्हणजे ०.१३७ ओहम दिसायला हवा, स्टारमध्ये (तिन्ही फेजचं एकेक टोक मध्ये एकत्र जोडून) दुप्पट म्हणजे ०.४१. हा आकडा आधी कागदावर नसेल तर मीटरवर आलेलं मूल्य बरोबर की चूक, हे ठरवणार कशावरून?

साध्या मल्टिमीटरच्या २०० ओहमच्या रेंजवर हे मोजता येत नाही. त्याच्या प्रोबचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. करंट पाठवून व्होल्टेज मोजा. बेंच सप्लाय असेल तर करंट लिमिट २ अँपिअरला लावून दोन वायरींतून सोडा आणि मीटरचे प्रोब सप्लायच्या क्लिपांवर नव्हे, थेट मोटरच्या वायरींवर टेकवा. आपल्या उदाहरणात ०.२७ व्होल्टच्या आसपास दिसेल. भागिले २, की रोध मिळाला. सप्लाय नसेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीला स्कूटरचा २१ वॅटचा बल्ब सीरिजमध्ये लावा. बल्ब करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास रोखतो. करंट दुसऱ्या मीटरने त्याच वेळी मोजा, बल्बवर छापलेल्या वॅटवरून धरू नका. पाच सेकंदांत वाचन उरका, तार कोमट झाली की आकडा सरकतो.

तिन्ही जोड्या मोजा. त्या आपसांत २-३ टक्क्यांच्या आत हव्यात. डेल्टात एक फेज तुटलेली असेल तर आकडे ०.२०५, ०.२०५ आणि ०.४१ असे येतात. निरोगी आकड्याच्या दीडपट, दीडपट, तिप्पट हा नमुना लक्षात ठेवा. रिकामी फिरणारी आणि भाराला भाजणारी मोटर पुष्कळदा इथेच पकडली जाते. स्टारमध्ये तुटलेली फेज लपत नाही, कारण दोन जोड्या सरळ उघड्या दिसतात.

तीन किंवा पाच बारीक तारा एकत्र गुंडाळल्या असतील तर आणखी एक फसगत होते. पाचांतली एक तार सोल्डरमध्ये लागलीच नाही, तर त्या फेजचा रोध २५ टक्क्यांनी वाढतो. रिवाइंडिंगची जी तार वजनावर मिळते तिचं इनॅमल बहुतेक वेळा सोल्डरिंगच्या उष्णतेने जळत नाही. कथील वरून चकचकीत बसतं आणि आत तार तशीच इनॅमलमध्ये राहते. प्रत्येक तार सुटी करून ब्लेडने किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चहूबाजूंनी तांबं दिसेपर्यंत खरवडा, एकेकीला वेगळं कथील लावा, मगच पीळ द्या. मुंबईच्या लोहार चाळीतून तार घेताना इनॅमलचा तापमान वर्ग विचारून घ्या. १५५ अंशांच्या खालची तार या कामाला नको.

स्टेटरला लागलेली तार

ईएससी जोडायच्या आधी मीटर २० मेगओहमवर ठेवून प्रत्येक फेज आणि स्टेटरचं लोखंड यांच्यात तपासा. काहीच दिसता कामा नये. एका ठिकाणी इनॅमल खरचटून तार लोखंडाला टेकली असेल तर मोटर तेवढ्याने बंद पडत नाही, म्हणून हा दोष दुर्लक्षला जातो. दुसऱ्या फेजची तारही कुठे टेकली की मात्र दोन फेज लोखंडातून शॉर्ट होतात आणि ईएससीचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) एका क्षणात जातात. हे भाराखाली, स्टेटर तापून तार सैल झाल्यावर घडतं.

गुंडाळण्याआधी दातांच्या कडा बारीक कानशीने मोडा आणि इपॉक्सीचा पातळ थर द्या किंवा कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप लावा. जुन्या सीडी ड्राइव्हमधून काढलेल्या स्टेटरवर कारखान्याचा थर असतो, पण तार उकलताना तो कोपऱ्यांवर उडतो. लोखंड दिसू लागलं असेल तिथे पुन्हा थर द्यायलाच हवा.

ड्रिलवर केव्ही मोजणं

सगळ्यांत जास्त माहिती या चाचणीतून मिळते आणि हीच सर्वांत कमी केली जाते. मोटरचा बेस लाकडी ठोकळ्यावर स्क्रूने घट्ट बसवा, शाफ्ट हँड ड्रिलच्या चकमध्ये धरा, वायरी मोकळ्या ठेवा, ईएससी लांब. ड्रिल फिरवा आणि दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजा. फेरे मोजायला टॅकोमीटरही लागत नाही: मीटर हर्ट्‌झवर टाका, आलेल्या आकड्याला ६० ने गुणा आणि चुंबकांच्या जोड्यांनी, इथे ७ ने, भागा. २९२ हर्ट्‌झ म्हणजे मिनिटाला सुमारे २५०० फेरे.

केव्ही = फेरे ÷ (एसी व्होल्ट × १.४१४). २५०० फेऱ्यांना १.७७ व्होल्ट आले तर केव्ही १०००. स्वस्त मीटरचं एसी वाचन ४०० हर्ट्‌झच्या पुढे भरवशाचं राहत नाही, त्यामुळे १४ चुंबकांची मोटर ३४०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका. ज्या मीटरची सर्वांत लहान एसी रेंज २०० व्होल्टची आहे, तो इथे निरुपयोगी. ऑटोरेंज मीटर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो आणि या छंदात पहिला खर्च त्याच्यावरच करावा, नव्या ईएससीवर नव्हे.

तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज २ टक्क्यांच्या आत सारखं हवं. एखाद्या फेजमध्ये ५२ पैकी एक वेढा कमी पडला तर त्या फेजचं व्होल्टेज बरोबर २ टक्क्यांनी घटतं. तेवढं चालून जातं. एक दात उलट्या दिशेने गुंडाळला गेला असेल तर मात्र त्या फेजचं व्होल्टेज जवळजवळ निम्म्यावर येतं. १२ दात आणि १४ चुंबकांची दिशा अशी: पहिली फेज १ सुलट, २ उलट, ७ उलट, ८ सुलट. दुसरी ३ उलट, ४ सुलट, ९ सुलट, १० उलट. तिसरी ५ सुलट, ६ उलट, ११ उलट, १२ सुलट. ९ दात आणि १२ चुंबकांच्या मोटरला हे काही नसतं, तिथे सगळे दात एकाच दिशेने आणि प्रत्येक फेज दर तिसऱ्या दातावर.

डेल्टा बंद करण्यापूर्वी आणखी एक तपासणी करा, कारण बंद केल्यावर हा दोष शोधणं अवघड होतं. तिन्ही फेज ओळीने जोडा: पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला, दुसरीचा शेवट तिसरीच्या सुरुवातीला. शेवटची दोन टोकं उघडी ठेवून ड्रिलवर फिरवा आणि त्या टोकांमधलं व्होल्टेज बघा. ते शून्याजवळ हवं. १.७७ च्या दुप्पट, म्हणजे ३.५४ व्होल्टच्या आसपास आलं तर एक फेज अख्खी उलटी लागली आहे. तशीच जोडणी बंद केली तर तिन्ही फेजच्या वर्तुळात करंट फिरत राहतो. वायरी मोकळ्या असूनही मोटर हाताला जड लागते आणि ईएससी कुठलाही लावा, ती तापणारच. स्टारमध्ये हीच चूक वेगळी दिसते: एका जोडीला ३.०७ व्होल्ट आणि उरलेल्या दोन जोड्यांना फक्त १.७७.

स्टार की डेल्टा हा गोंधळही इथेच मिटतो. तेच वेढे डेल्टात जोडले की केव्ही स्टारच्या १.७३ पट होतो. हजाराची अपेक्षा असताना ५७७ आला तर वेढे मोजत बसू नका, जोडणी बघा.

बिनभार करंट

आता ईएससी. थ्रॉटल नेहमी पूर्ण. अर्ध्या थ्रॉटलला बॅटरीतून जाणारा करंट आणि मोटरमधला करंट वेगळे असतात, त्यामुळे त्या वाचनांवरून काही सिद्ध होत नाही. व्होल्टेज सप्लायवरूनच बदला: ७, ९, ११ व्होल्ट. सप्लायचा करंट लिमिट ३ अँपिअरला ठेवला तर दोष असूनही धूर निघत नाही. ईएससीचा ब्रेक बंद ठेवा, नाहीतर थांबताना मोटरची ऊर्जा सप्लायमध्ये उलटी घुसते.

आपल्या मोटरला साधारण ०.४ पासून ०.६ अँपिअरपर्यंत संथ चढत जाणारे आकडे यायला हवेत. ७ व्होल्टलाच दीड अँपिअर दिसला तर थांबा. दोन वेढ्यांमधला शॉर्ट रोधाच्या मापात सापडत नाही, कारण ५२ पैकी एक वेढा गेल्याने रोध जेमतेम २ टक्क्यांनी घटतो. पण तो शॉर्ट झालेला वेढा चुंबकांसमोर फिरताना स्वतःच करंट तयार करतो आणि ब्रेकसारखा वागतो. वायरी मोकळ्या ठेवून बेल हाताने जोरात फिरवा: जितकी वेगात फिरवाल तितकी जास्त अडत असेल तर आतला शॉर्ट किंवा बंद डेल्टातला उलटा फेज. सगळ्या वेगांना सारखीच अडत असेल तर बेअरिंग किंवा कुठेतरी घासणं. अर्ध्या मिनिटाने ईएससी थांबवून प्रत्येक दाताला बोट लावून बघा. शॉर्टवाला दात बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असतो.

चुंबक आणि स्टेटर यांच्यात ०.२ ते ०.३ मिमी फट पुरते. कागदाची पट्टी सगळीकडून फिरवून तपासा. एखादा चुंबक उलटा चिकटला असेल तर मोटर घरघरते आणि फिरवताना अडकण्याच्या जागा असमान लागतात. एक सुटा चुंबक न वळू देता घट्ट धरून बेलच्या आतून फिरवला की ओढ आणि ढकल एकाआड एक यायला हवी. बेलबाहेर टाचणी घट्ट चिकटत असेल तर लोखंडी कडं पातळ आहे. चुंबकाचा जोर बाहेर गळतोय आणि केव्ही हिशेबापेक्षा वर जाणार.

मुंबईत पावसाळ्याचे चार महिने मैदानं चिखलाची, म्हणून बरेच जण मोटरी याच काळात गुंडाळतात आणि उडवायला ऑक्टोबर उजाडतो. मधल्या दमट, खाऱ्या हवेत लॅमिनेशनच्या (स्टेटरच्या पातळ लोखंडी पत्र्यांच्या) उघड्या कडा आणि बेअरिंग गंजतात. जूनमध्ये लिहून ठेवलेला बिनभार करंट दिवाळीच्या सुमारास पुन्हा मोजा. ०.२ अँपिअरने वाढला असेल तर आधी बेअरिंग. ३×१०×४ मापाचं बेअरिंग म्हणजे ६२३, नागदेवीच्या बाजारात या नंबराने मागा. लॅमिनेशनच्या कडांना वार्निशचा हात द्या. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

आता प्रॉप

तिन्ही आकडे जुळले असतील तर भाराखाली काय होणार ते आधी सांगता येतं. फेरे = केव्ही × (व्होल्ट − करंट × रोध). तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) भाराखाली ११.१ व्होल्टवर टिकली असं धरू. ८×४ चा प्रॉप (८ इंच व्यास, ४ इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) साधारण ८.५ अँपिअर ओढतो. फेरे ९९४० च्या आसपास, बॅटरीतून ९४ वॅट, शाफ्टवर ७८ वॅट, मोटरमध्ये उष्णता १६ वॅट. आता ९×४.५ लावा: करंट १४ अँपिअर, बॅटरीतून १५५ वॅट, उष्णता ३२ वॅट. वीज ६५ टक्के वाढली, उष्णता मात्र दुप्पट, कारण तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. एक इंचाचा हा फरक फार जणांना किरकोळ वाटतो. मोटर निर्दोष असूनही तापते ती इथे. अशा वेळी दोष शोधत बसू नका, प्रॉप लहान करा.

चाचणी दहा सेकंदांची. मोटरचा स्टँड टेबलाच्या कडेला दोन जी-क्लॅम्पने, प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत कुणीही नाही, घरातली मुलं आणि पाहुणे मागच्या बाजूला. दरवाजे-खिडक्यांचे पडदे बांधून ठेवा. व्होल्टेज ईएससीच्या वायरींवर, चाचणी चालू असताना मोजा. पूर्ण चार्ज बॅटरीचे १२.६ व्होल्ट हिशेबात घेतलेत तर सगळं चुकेल. ऑप्टिकल टॅकोमीटर ट्यूबलाइटखाली वापरू नका. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि दोन पात्यांवर लावलेला टॅको तिच्याकडे बघून ३००० दाखवतो. टॅको बरोबर आहे की नाही हे तपासायला ही युक्ती चांगली आहे, मोजणी मात्र दिवसाच्या उजेडात.

मोजलेले फेरे हिशेबापेक्षा ५ टक्क्यांपर्यंत कमी येणं ठीक. ईएससी थोडं खातो आणि तार तापून रोध वाढतो. १० टक्क्यांहून कमी आणि करंट जास्त असं दिसलं तर टायमिंग. १२ दात, १४ चुंबकांच्या मोटरला मध्यम ते वरचं टायमिंग लागतं, सर्वांत खालच्या सेटिंगवर ती भाराखाली ठेचकाळते. टायमिंग वाढवलं की बिनभार करंट आणि बिनभार फेरे दोन्ही वाढतात. म्हणून दोन चाचण्यांची तुलना एकाच टायमिंगवर करा. ड्रिलवरच्या केव्हीला याचा काहीच फरक पडत नाही, आणि म्हणूनच तो आकडा जास्त विश्वासाचा.

थ्रॉटल झटक्यात दिल्यावरच किंचाळी येत असेल तर बॅटरी आणि ईएससी यांच्यामधली वायर बघा. ती लांबवली असेल तर दर १० सेंटीमीटरला २२० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेला) कपॅसिटर ईएससीच्या अगदी जवळ लावा. लांबी हवीच असेल तर ती मोटरच्या बाजूच्या तीन वायरींमध्ये घ्या.

तापमान कसं घ्यायचं

चकचकीत बेलवर इन्फ्रारेड थर्मामीटर खूपच कमी तापमान दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. आतल्या तारेचं खरं तापमान मात्र रोधावरूनच कळतं. चाचणी थांबताच पुन्हा २ अँपिअर सोडून रोध मोजा. तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. ३० अंशांना ०.१३७ होता आणि आता ०.१७१ आला, म्हणजे तार सुमारे ९५ अंशांवर पोचली. बेल त्या वेळी हाताला फक्त गरम लागत असेल, तरी फसू नका.

९५ अंश तारेला काहीच नाही, चुंबकांना आहेत. नुसत्या एन-४५ सारख्या ग्रेडचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपर्यंतचे. एच १२०, एसएच १५० अंशांपर्यंत. चिकटवायला वापरलेला खोलीच्या तापमानाला सुकणारा इपॉक्सी तर ६०-७० अंशांनाच मऊ पडू लागतो. आउटरनरमध्ये (अशा बाहेरची बेल फिरणाऱ्या मोटरमध्ये) चुंबक फिरताना बेलवर दाबले जातात म्हणून उडत नाहीत, पण मऊ गोंदात शेजारच्या चुंबकाकडे सरकतात आणि मोटर घरघरायला लागते. झटपट सुकणारा इन्स्टंट ग्लू इथे नको, तो ठिसूळ असतो. दोन चुंबकांच्या मधल्या फटीही इपॉक्सीने भरा.

पहिल्या दिवशी बरी चाललेली मोटर पुढच्या वेळी त्याच प्रॉपला जास्त करंट ओढत असेल तर पूर्ण थंड झाल्यावर ड्रिलवर केव्ही पुन्हा मोजा. तो १००० वरून १०४०-१०५० वर सरकला असेल तर चुंबकांचा जोर कायमचा घटला आहे. वाढलेल्या केव्हीमुळे प्रॉप जास्त वेगाने फिरतो, करंट आणखी वाढतो, चुंबक आणखी तापतात, आणि प्रत्येक उड्डाणागणिक मोटर खालावत जाते. इथे रिवाइंडिंगचा उपयोग नाही. चुंबक काढून एसएच ग्रेडचे लावा, आणि ते येईपर्यंत ती मोटर प्रॉपवर घेऊ नका.